फाटकावरची मोजणी

आनंदीबाई : टोपी नीट करा भाऊजी, पार कपाळावर आलीय. साहेबानं बगितलं तर म्हणेल, गावानं झोपलेला माणूस धाडलाय.

मालोजी : एकतीस वर्सं रेल्वेची टोपी घातलीय मी. साहेब लोकांपुढं कसं उभं ऱ्हायाचं ते मला नको शिकवू आनंदी.

आनंदीबाई : उभं ऱ्हायाचं नाय शिकवत. बोलणार काय ते इचारते. सुनावणीला आपल्या आधी अजून एक गाव हाय, ते झालं की आपलं नाव पुकारतील. आत गेल्या गेल्या पयलं काय बोलणार? मला एकदा आयकवा.

मालोजी : बोलणार, की साहेब, आमचं फाटक लई जुनं हाय. माझ्या बापानं बी त्याच्यावर गेटमनकी केली, मी बी केली...

आनंदीबाई : तुमच्या बापाचं साहेबाला काय पडलंय? पुढं?

मालोजी : पुढं गावाची अडचण रीतसर मांडणार. रुळाच्या पल्याड अठरा घरांची आळी. शाळा अल्याड, डेरी अल्याड, रेशन अल्याड, गावदेवी अल्याड. फाटक बंद केलं तर माणसांनी जायाचं कुठनं?

आनंदीबाई : आन तुमचा भाऊ?

मालोजी : विठूचं बी सांगणार की. आजारी माणूस हाय म्हणून सांगणार.

आनंदीबाई : आजारी कोण नसतं वो? नीट सांगा. सोमवारी आन गुरवारी शिळफाट्याला मशीनवर न्यावा लागतो, रगत धुवाया. एक फेरी चुकली तर पाय सुजतात, दोन चुकल्या तर दम लागतो, तिसरी चुकली तर मग डॉक्टर काय म्हणाला ते तुमी बी आयकलंय. रिक्षा दारात येते ती फाटक हाय म्हणून. फाटक गेलं की त्या नव्या भुयारातनं जायाचं, आन त्या भुयारात आषाढापासनं दिवाळीपतुर कंबरभर पाणी. रिक्षावाला काय होडी घेऊन येणार हाय? ह्ये सांगा. आजारी माणूस हाय म्हणं!

स्वप्नील : आई, हळू बोल ना. बाकीच्या गावांची माणसं बघतायत.

आनंदीबाई : बगू दे. आईला गप करायला रजा टाकलीस व्हय रं कंपनीत? तू ती फाइल सांभाळ. आन भाऊजी, ते मोजणीचं पयलं सांगा बरं का. सात दिवस रेल्वेची माणसं फाटकावर बसली, सात दिवसांत फाटकातनं टेंपो-रिक्षा धरून गाड्या किती गेल्या, तर अकरा. म्हणावं, साहेब, इतकं शांत फाटक तालुक्यात दाखवा. ना गर्दी, ना धोका. मग बंद कशापायी करता?

मालोजी : ते नको.

आनंदीबाई : का नको?

मालोजी : मोजणीचा इषय नको काढाया. अडचण सांगू. अडचणीवर भर देऊ.

आनंदीबाई : आँ? पौषात तुमीच तर सगळ्या गावाला देवळात बसवून सांगितलंत. मोजणीवाले येणारेत, सात दिवस कुणी गाडी फाटकातनं घालायची नाय, फाटक शांत दिसलं पायजे, शांत फाटक रेल्वे बंद करत नाय. आमी थांबवल्या. टेंपो थांबवले, डेरीची गाडी थांबवली, दहिवलीची वीटवाली गाडी लांबनं फिरवली. आन आता ज्याच्यासाठी एवढं केलं तेच सांगायचं नाय?

मालोजी : तुला नाय कळायचं त्यातलं.

आनंदीबाई : नाय कळायचं तर कळवा.

स्वप्नील : मी सांगतो आई. काका सांगणार नाहीत.

मालोजी : स्वप्न्या, तू मधी नको पडू. मोठी माणसं बोलतात.

स्वप्नील : पौषातपण हेच म्हणालात. मी उभा राहिलो देवळात, म्हटलं, काका, आधी कुणाला तरी विचारू, मोजणी कशासाठी असते ते बघू. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बस खाली, मी फाटक सांभाळत होतो तेव्हा तू लंगोटात होतास. गाव हसलं. बसलो खाली.

आनंदीबाई : जुनं उगाळू नको. काय सांगणार व्हतास ते सांग.

स्वप्नील : मोजणी उलटी असते आई.

आनंदीबाई : उलटी म्हंजे? मला समजंल असं बोल.

स्वप्नील : रेल्वेला फाटकं ठेवायचीच नाहीयेत. कुठलंच नाही. आज ना उद्या सगळी काढणार. प्रश्न एवढाच, की काढताना बदल्यात काय द्यायचं. त्यासाठी गाड्या मोजतात. गाड्या भरपूर असल्या तर वरून पूल बांधून देतात, आणि पूल होईपर्यंत फाटक चालू ठेवतात. गाड्या नसल्या तर म्हणतात, इथं कोण जातंय? लावा कुलूप, जा भुयारातून.

आनंदीबाई : म्हंजे जास्त गाड्या गेल्या असत्या तर...

स्वप्नील : तर पूल मिळाला असता. आपल्या फाटकातून रोज सकाळी दहाच्या आत पन्नास गाड्या जातात. दिवसाला दीडशेच्या वर. सात दिवस नुसतं रोजच्यासारखं वागलो असतो ना, काही न करता, तरी चाललं असतं.

आनंदीबाई : आन आमी थांबवल्या.

स्वप्नील : आपण थांबवल्या. अकरा गेल्या, त्यातल्याही सात बाहेरच्या. एक तर पुण्याचा होता, फार्महाऊस शोधत चुकून आत आलेला.

आनंदीबाई : ह्ये खरं हाय भाऊजी?

मालोजी : कागद काय, कसाबी वाचता येतो.

आनंदीबाई : खरं हाय का नाय, तेवढं बोला.

मालोजी : नियम तसा हाय म्हणतात.

आनंदीबाई : अगं आई गं. म्हंजे पल्याडच्या आळीनं आपल्या हातानं... थांबा. मला बसू द्या जरा. त्या पायरीवर बसते.

स्वप्नील : पाणी देऊ?

आनंदीबाई : नको. भाऊजी, त्या आठवड्यात तुमचा भाऊ मशीनवर कसा गेला, आठवतंय?

मालोजी : आनंदी, आता ते कशाला...

आनंदीबाई : आठवतंय का?

मालोजी : आठवतंय.

आनंदीबाई : प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेला. एका बाजूनं ह्यो स्वप्न्या, दुसऱ्या बाजूनं शेजारचा गजा. रिक्षा रुळाच्या अल्याड उभी, सडकेवर, कारण फाटकात रिक्षा घातली तर मोजणीत धरतील. मी म्हटलं त्यांना, एका रिक्षानं काय व्हतंय, आजारी माणूस हाय, गाव काय बोलणार नाय. तर म्हणतात कसे, दादानं शब्द टाकलाय, घरातनंच मोडायचा का? सोमवारी जाऊन आले, गुरवारी जाऊन आले. चार येळा खडीवरनं खुर्ची नेली. गुरवारी येताना गजाचा पाय घसरला, ह्ये खडीवर पडले, कोपर फुटलं. तरी हसत व्हते. म्हणाले, लग्नात घोडा नव्हता मिळाला, आता म्हातारपणी वरात निघाली.

मालोजी : मी व्हतो तितंच. बगितलं मी.

आनंदीबाई : बगितलंत ना. मोजणीवाल्यांच्या बाकड्यावर बसून चहा पीत व्हतात. चहा पण आमच्याच घरनं गेला व्हता, तुमी सांगितलंत म्हणून. तुमी उठलात, हात जोडलेत भावाला. मला वाटलं, बग, थोरला भाऊ असून हात जोडतो. माझ्या डोळ्यात पाणी आलं व्हतं. मूर्ख मी!

स्वप्नील : आणि खुर्चीतला माणूस मोजत नाहीत आई. नुसत्या गाड्या मोजतात. बाबा त्या कागदावर कुठंच नाहीत.

आनंदीबाई : गप रं. तेवढं मला कळलं.

मालोजी : सगळे मिळून माझ्यावर काय घसरताय? मी एकट्यानं ठरवलं का? कौल लावला व्हता. देवीच्या खांद्यांवर दोन कळ्या लावल्या, आख्ख्या गावासमोर. उजवी पडली. गुरवानं सांगितलं, देवी व्हय म्हणते. मग माझा एकट्याचा दोष कसा?

आनंदीबाई : देवीला तुमी इचारलंत काय पण? गाड्या थांबवू का, असं इचारलंत. ती व्हय म्हणाली. तिला काय ठावं रेल्वेचा कायदा? तो तुमाला ठावा असाया पायजे व्हता. एकतीस वर्सं फाटकावर तुमी बसला व्हतात, ती नव्हती बसली.

मालोजी : मला जे ठावं व्हतं त्याच्यावरनंच बोललो ना! माझ्या ड्यूटीत शांत फाटक म्हंजे चांगलं फाटक. साहेब ट्रॉलीवरनं यायाचे, रजिस्टर बगायाचे, म्हणायाचे, मालोजी, तुझ्या फाटकावर गडबड नाही. दोन येळा प्रशस्तिपत्र दिलं मला. आन खालच्या फाटकावर एकदा वाळूचा ट्रक रुळात अडकला, गाडी आली, काय झालं ते सगळ्यांना ठावं हाय. गेटमन बिचारा घरी बसला आन चौकशीत आयुष्य गेलं त्याचं. मग माणूस काय समजेल? गर्दी म्हंजे धोका, धोका म्हंजे बंद. गर्दी दिसलीच नाय तर बंद कशाला करतील? मी माझ्या परीनं गावाचं भलंच बगितलं. ह्यात माझं पाप कुठं आलं?

आनंदीबाई : त्यात पाप नाय.

मालोजी : मग?

आनंदीबाई : चुकलात. माणूस हाय, चुकतो. मी उठून सगळ्या गावाला सांगितलं असतं, चुकले भाऊजी, सोडा. मला दुसरं इचारायचंय. तुमाला ह्ये कवा कळलं?

मालोजी : काय कवा कळलं?

आनंदीबाई : मोजणी उलटी असते ते. आता स्वप्न्या बोलला तवा मी पायरीवर बसले. तुमची मान बी हालली नाय. आजच कळलं असतं तर तुमचं त्वांड असं नसतं दिसलं.

मालोजी : होळीच्या आधी.

आनंदीबाई : कुणी सांगितलं?

मालोजी : धनेशनं. आता जो ड्यूटीला हाय, तो परभणीकडचा पोरगा. म्हणाला, काका, तुमच्या गावानं हे काय करून ठेवलं, आमच्याकडं लोक मोजणीच्या वेळी पावण्यांचे ट्रॅक्टर बोलावून आणतात.

आनंदीबाई : होळी होऊन दोन महिने झाले.

मालोजी : हां.

आनंदीबाई : दोन महिने तुमी रोज संध्याकाळी माझ्या वट्यावर येऊन बसता. ते इचारतात, दादा, फाटकाचं काय? तुमी म्हणता, बगतोय मी, वर बोलणं चालू हाय. कुणाशी चालू व्हतं बोलणं?

मालोजी : कुणाशी नाय.

स्वप्नील : हरकत घ्यायला साठ दिवस होते काका. तेव्हाच एक अर्ज केला असता, की मोजणीच्या काळात गावानं वाहतूक बंद ठेवली होती, परत मोजा, तर परत मोजली असती. अशी परत झालेली मोजणी आहे दुसऱ्या गावांत. आज शेवटची सुनावणी. यानंतर फाइल वर जाते.

मालोजी : मग तू का नाय केलास अर्ज? शिकलेला हायेस ना?

स्वप्नील : मला कागद आठ दिवसांपूर्वी मिळाले. माहितीच्या अधिकारात मागवले, तिथं महिना गेला. तोपर्यंत मीपण तुमचंच ऐकत होतो, की वरून हुकूम आलाय, मोजणीचा संबंध नाही.

आनंदीबाई : आठ दिवस कागद तुझ्याकडं हायेत आन मला नाय बोललास?

स्वप्नील : बोललो असतो तर तू त्या रात्रीच बाबांना सांगितलं असतंस. आणि कागदावर जे आहे ते बाबांनी बघू नये असं वाटलं मला.

आनंदीबाई : काय हाय कागदावर?

स्वप्नील : काका, तुम्ही सांगता की मी दाखवू?

मालोजी : दाखव. काय लपवायचंय त्यात?

स्वप्नील : हे बघ. सात दिवसांचे सात कागद. प्रत्येकाच्या खाली लिहिलंय, वरील मोजणी माझ्यासमोर झाली व ती बरोबर आहे. साक्षीदार, निवृत्त गेटमन. सही.

आनंदीबाई : मला वाचता येत नाय धड, पण ही सही मी वळखते. आमच्या लग्नाच्या पत्रिकेच्या नमुन्यावर केली व्हती. म चं शेपूट असंच लांब काढता तुमी.

मालोजी : त्यांनी मान दिला मला. म्हणाले, तुम्ही जुने माणूस, तुमच्यासमोर झालेली मोजणी कुणी खोटी म्हणणार नाही. रोज संध्याकाळी कागद पुढं करायाचे. मी आकडा तपासायचो, मग सही करायचो. खोटी सही नाय केली. जेवढ्या गेल्या तेवढ्याच लिवल्यात.

आनंदीबाई : तेच तर झालं ना वाटोळं!

स्वप्नील : आई, उठ. नीट ऐका दोघंही, वेळ नाहीये. अजून एक वाट आहे. आत दोनच माणसं सोडतात, काका आणि मी. मी बोललो तर साहेब म्हणणार, कोण तू? सुनावणीच्या पत्रावर गावाच्या वतीनं काकांचं नाव आहे, सही काकांची आहे. काकांनी स्वतःच्या तोंडानं सांगायला पाहिजे, की गाड्या कमी होत्या कारण मी थांबवायला सांगितल्या. आकडा खरा आहे, पण तो रोजचा नाही. परत मोजा. एवढीच तीन वाक्यं.

मालोजी : आन भाइर हिरामणच्या टेंपोत पंचवीस माणसं आलीत गावची. त्यांच्यात काय त्वांड दाखवू? म्हणतील, ह्यानंच बुडवलं. पोरंटोरं बोट दाखवतील.

आनंदीबाई : पंचवीस माणसं भाइर हायेत. आत त्यातलं कोण येतंय? स्वप्न्या येतोय, त्याला ठावंच हाय. मला ठावं झालं. आमी दोघं कुणाला सांगणार नाय.

मालोजी : कागदावर येईल ना ते. साहेब लिवून घेईल. गाड्या थांबवण्याचा सल्ला दिला, निवृत्त गेटमन. जलमभर ऱ्हाईल. एकतीस वर्सांत माझ्या नावावर एक लाल शेरा नाय, आनंदी. एक नाय.

आनंदीबाई : आता येऊ द्या एक. भावासाठी येऊ द्या.

मालोजी : तू समजतीस तेवढं सोपं नाय ते.

आनंदीबाई : सोपं नाय, मला कळतंय. भाऊजी, तुमच्यापुढं मी कंदी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाय, आवाज चढवला नाय. आज चढवला, माफी मागते. पण माझं एकच हाय. जूनला पाऊस लागंल. भुयार भरंल. लांबची वाट बांधावरनं जाते, तितं बैल रुततो, रिक्षा कुठली? चार महिने. सोमवार-गुरवार, सोमवार-गुरवार. मी कसं न्यायाचं त्यांना? सांगा ना. तुमी सांगा, मी तसं करते.

मालोजी : आनंदी, पाय सोड. अगं लोक बगतायत. उठ. स्वप्न्या, उठव आईला.

आनंदीबाई : बोलणार का?

मालोजी : बोलतो. सांगतो सगळं. उठ आधी.

आनंदीबाई : मी सांगितलं गाड्या थांबवा, असं बोलणार? गावानं नाय, देवीनं नाय. मी.

मालोजी : मी. हां, मी. गावदेवीशपथ.

आनंदीबाई : तिला परत नका घालू ह्यात. नुसतं बोला.

स्वप्नील : आपलं नाव पुकारलं. चला काका. फाइल माझ्याकडे आहे. आई, तू इथंच थांब, कुठं जाऊ नकोस.

(दोघं आत जातात. आनंदीबाई दाराबाहेर उभी. वीस मिनिटांनी आधी स्वप्नील बाहेर येतो, त्याच्यामागून मालोजी.)

आनंदीबाई : काय झालं रं? लवकर आलात? काय म्हणाला साहेब?

स्वप्नील : चल. टेंपोत बसू.

आनंदीबाई : काय झालं ते सांग.

स्वप्नील : घरी गेल्यावर सांगतो.

आनंदीबाई : स्वप्न्या, मी हितनं हालायची नाय.

स्वप्नील : साहेब चांगला होता आई. खरंच चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं. बसा म्हणाला, काकांना आधी खुर्ची दिली. मी बोललो सगळं, मोजणीच्या आठवड्यात गावानं गाड्या बंद ठेवल्या होत्या म्हणून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. म्हणाले, असं झालं असेल तर मी परत मोजायला लिहू शकतो. पण काही लेखी आहे का? ग्रामपंचायतीचा ठराव? मी काय दाखवणार, देवीची कळी? मग म्हणाले, लेखी नसलं तर नसलं, हे गृहस्थ साक्षीदार होते ना, ते सांगतील. आणि काकांकडे वळले.

आनंदीबाई : मग?

स्वप्नील : कागद पुढं केला. विचारलं, ही सही तुमची का? काका म्हणाले, हो. मोजणी बरोबर आहे का? तर काका उठून उभे राहिले आई, खुर्चीतून. ताठ. म्हणाले, बरोबर आहे साहेब, एकतीस वर्षांत मी खोट्या कागदावर सही केलेली नाही.

आनंदीबाई : आन पुढचं?

स्वप्नील : पुढचं नाही.

आनंदीबाई : नाय म्हंजे?

स्वप्नील : साहेबांनी विचारलं ना. गाड्या एवढ्या कमी का होत्या, या मुलाचं म्हणणं खरं आहे का? काका गप्प. मी हात दाबला त्यांचा. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, काकांनी प्यायलं, ग्लास खाली ठेवला. मग साहेबांनी लिहिलं, मोजणीबाबत गावाचा वाद नाही. आणि पुढं लिहिलं, पावसाळ्यापूर्वी बंद करण्यास हरकत नाही.

मालोजी : शब्दच फुटंना आनंदी. त्यांनी इचारलं, बरोबर हाय का, तर त्वांडातनं गेलं, बरोबर हाय. ती सवय. मग पुढचं बोलायला गेलो तर... डोळ्यापुढं तो लाल शेराच आला. मी परत जातो आत. आता सांगतो. हा बग जातो.

स्वप्नील : दार लावलंय काका. पुढच्या गावाची माणसं गेली आत.

मालोजी : मग लिवून देतो. तू लिव, मी सही करतो.

स्वप्नील : सही केलीत ना तुम्ही. साहेबांनी लिहिलं त्याच्याखाली. मी म्हटलं, काका, वाचून करा. तुम्ही म च्या शेपटासकट केलीत.

मालोजी : मी विठूला सांगतो. घरी गेलो की पयलं त्याच्यापुढं जातो. पाय धरतो त्याचे. सांगतो, की बाबा, तुझ्या भावानं...

आनंदीबाई : नाय.

मालोजी : सांगू नको?

आनंदीबाई : नाय सांगायचं. आत सांगायचं व्हतं, आत त्याचा उपेग व्हता. घरी सांगून काय? तुमच्या छातीवरचा दगुड उतरंल, तुमी रडाल, ते तुमाला गप करतील. त्यांना झेपत नाय असलं आता. मशीनवरनं येतात तवा हात उचलायची ताकद नसते त्यांच्यात.

मालोजी : मग मी काय करू आनंदी?

आनंदीबाई : मला नका इचारू. मला लई इचारून झालं.

स्वप्नील : आई, बाबांचा फोन येतोय. घेऊ का?

आनंदीबाई : दे हिकडं.

मालोजी : माझ्याशी बोलाया मागंल तो.

आनंदीबाई : दे म्हणते ना. हॅलो... हां, मीच. झालं, आत्ताच भाइर आलो... पेज प्यालात का? सोनुबाई आलती का शेजारची?... बरं. झोपायचं नाय आडवं, उशी लावून बसा... हां, फाटकाचं. नाय झालं वो. बंद करणार म्हणतात, पावसाच्या आधी... असू दे. बगू आपण. स्वप्न्या बगंल कायतरी. पावसाळाभर अल्याड खोली घेऊ, नायतर माझ्या भावाकडं ऱ्हाऊ शिळफाट्याला... कोण? दादा? हायेत ना, हितंच उभे हायेत माझ्याम्होरं... नाय, आता नका बोलू त्यांच्याशी, दमलेत... व्हय, बोलले की. लई बोलले तुमचे दादा, उभे ऱ्हाऊन बोलले. साहेबच आयकंना, त्याला कोण काय करणार?... नाय वो, असं नका मनात आणू. दादांनी काय कसर ठेवली नाय.